रिकाम्या हाताची फेक

पावसाळा सरतो, मावळातली भातकापणी उरकते आणि पवना धरणाच्या परिसरातील रिकाम्या खाचरांना काही महिन्यांपुरते नवे रूप येते. बांधाच्या आतल्या अंगाला तीन काठ्या रोवल्या जातात, समोरच्या टोकाला एक वीट ठेवली जाते आणि पवनानगरची मुले टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळू लागतात. आजूबाजूला तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर हे किल्ले आणि मध्ये धरणाचे पाणी. खेळाचे नियम मुलांनी स्वतः केलेले असतात. चेंडू अमुक झाडापलीकडे गेला तर चौकार, तमुक कुंपणात गेला तर बाद. पंच म्हणून फलंदाजी करणाऱ्या संघातलाच एखादा गडी उभा राहतो आणि त्याच्या प्रत्येक निर्णयावर वाद होतो.

अशा एखाद्या मैदानावर घडू शकणारा, किंबहुना रोज कोठे ना कोठे घडणारा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. फलंदाजाने चेंडू जोरात टोलावला आहे. क्षेत्ररक्षण करणारा बारा वर्षांचा मुलगा त्यावर झेपावतो, परंतु चेंडू त्याच्या हाताखालून निसटून मागे जातो. मुलगा मात्र क्षणात उठतो आणि चेंडू हाती आल्यासारखा रिकामा हात काठ्यांच्या दिशेने जोरात फिरवतो. दुसऱ्या धावेसाठी निघालेला फलंदाज दचकून थांबतो, माघारी वळतो. चेंडू तोवर मागच्या बांधाला जाऊन टेकलेला असतो. एक धाव वाचते, सोबती हसतात आणि बांधावर बसलेले कोणी वडीलधारे गृहस्थ ‘शाबास रे पठ्ठ्या!’ म्हणून टाळी देतात.

आता असेही समजावे, की त्याच मुलाला त्या रविवारी पाठशाळेत चार कषायांपैकी ‘माया’ शिकवली गेली आहे. माया म्हणजे कपट, आतबाहेर वेगळे असणे. रात्री जेवताना तो विचारतो, ‘आई, मी आज खोटं बोललो का गं? मी तर तोंडातून शब्दसुद्धा काढला नाही.’

हा प्रश्न घरातल्या मोठ्यांना वाटतो तितका किरकोळ नाही. क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या लंडनच्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबलाही त्याचे उत्तर लिहून ठेवावे लागले आहे. फलंदाजाचे लक्ष विचलित करणे किंवा त्याला अडथळा आणणे क्रिकेटमध्ये पूर्वीही निषिद्ध होते. २०१७ च्या नव्या नियमसंहितेत त्यात ‘फसवणे’ या शब्दाची भर पडली. फलंदाजाने चेंडू खेळल्यानंतर कोणत्याही क्षेत्ररक्षकाने शब्दाने अथवा कृतीने, जाणूनबुजून, त्याला विचलित करण्याचा, फसवण्याचा किंवा अडवण्याचा प्रयत्न करणे अनुचित आहे, असा एक्केचाळिसाव्या नियमाच्या पाचव्या कलमाचा आशय. शिक्षाही हलकी नाही. चेंडू तत्काळ मृत ठरतो आणि त्यावर कोणालाही बाद देता येत नाही. फलंदाजी करणाऱ्या संघाला पाच धावांचा दंड मिळतो. पूर्ण झालेल्या धावा मोजल्या जातातच, शिवाय जी धाव चालू होती तीही फलंदाज एकमेकांना ओलांडून गेले नसले तरी जमेस धरली जाते. तो चेंडू षटकात गणला जात नाही आणि पुढचा चेंडू कोणी खेळायचा हे फलंदाजांनी ठरवायचे असते.

नियम अमलात येताच पहिला दंड झाला तो ऑस्ट्रेलियात. सप्टेंबर २०१७ च्या अखेरीस क्वीन्सलँड आणि क्रिकेट ऑस्ट्रेलिया इलेव्हन यांच्यातील एकदिवसीय सामन्यात मार्नस लाबुशेन या क्षेत्ररक्षकाने चेंडूवर झेप घेतली, चेंडू हुकला आणि त्याने रिकाम्या हाताने फेकीचा आविर्भाव केला. फलंदाज क्षणभर अडखळला. पंचांनी एकमेकांशी बोलून पाच धावा दिल्या. पवनानगरच्या खाचरात जे घडल्याचे वर कल्पिले आहे, त्याहून हा प्रसंग तसूभरही वेगळा नव्हता. फरक इतकाच, की तेथे टाळीऐवजी दंड मिळाला.

या कलमाच्या शब्दयोजनेत दोन गोष्टी अशा आहेत, की जैन घरात वाढलेल्या वाचकाला त्या ओळखीच्या वाटाव्यात. पहिली, ‘शब्दाने अथवा कृतीने’. असत्य केवळ जिभेने बोलले जाते असे नियमकर्त्यांनी मानले नाही. हातही खोटे बोलू शकतो, खांदा खोटे बोलू शकतो, नजरही खोटे बोलू शकते. मन, वचन आणि काया या तीन योगांची भाषा ज्यांच्या कानावर लहानपणापासून आहे, त्यांना हे निराळे शिकावे लागत नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात अशुभ नामकर्माच्या आस्रवाची कारणे सांगताना योगांची वक्रता आणि विसंवादन, म्हणजे दुसऱ्याला भलत्या वाटेला लावणे, ही दोन जोडीने सांगितली आहेत. मनात एक, हातात दुसरे, ही झाली वक्रता. त्या हाताकडे पाहून समोरचा वळला, हे झाले विसंवादन. झेपावलेल्या मुलाने एका फेकीत दोन्ही साधले.

अठरा पापस्थानांत मृषावाद दुसरा आहे आणि माया आठवी. ही दोन स्वतंत्रपणे सांगून झाल्यावरही सतराव्या स्थानी ‘मायामृषावाद’ पुन्हा वेगळा मोजला आहे. प्रतिक्रमणात ती यादी भरभर म्हणताना हा तपशील सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. नुसते खोटे आणि कपटाने रचलेले खोटे यांत अंतर आहे, म्हणून ही निराळी मोजणी.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. कलमात ‘फसवले तर’ असे म्हटलेले नाही, ‘फसवण्याचा प्रयत्न केला तर’ असे म्हटले आहे. फलंदाज फसला की नाही, धाव वाचली की नाही, याला महत्त्व नाही. दोष हेतूत आहे आणि तो हेतू होता की नव्हता हे पंचांनी ठरवायचे आहे. परिणामापेक्षा भाव मोठा, ही गोष्ट जैन तत्त्वज्ञान शतकानुशतके सांगत आले. हिंसेच्या आणि असत्याच्याही व्याख्येत प्रमाद, म्हणजे आतली बेसावध कषाययुक्त अवस्था, मध्यभागी आहे. क्रिकेटच्या नियमकर्त्यांनी जैन ग्रंथ वाचले असण्याचा संभव नाही, तरी दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या, हे मोठे विलक्षण.

परिणाम हे माप का धरता येत नाही, याची दोन सुरेख उदाहरणे खेळांच्या इतिहासात आहेत. पहिले जोहान्सबर्गचे. ४ एप्रिल २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेने ठेवलेल्या ३४२ धावांच्या लक्ष्यामागे पाकिस्तानचा फखर झमान जवळजवळ एकटा धावत होता. शेवटचे षटक सुरू झाले तेव्हा तो १९२ वर होता. पहिल्याच चेंडूवर दुसरी धाव घेताना यष्टिरक्षक क्विंटन डी कॉकने गोलंदाजाच्या टोकाकडे बोट केले, जणू फेक तिकडे चालली आहे. फखरचा वेग मंदावला, त्याने मागे वळून पाहिले आणि एडन मार्क्रमची लांबून आलेली फेक थेट त्याच्याच टोकाच्या यष्ट्यांवर आदळली. १९३ वर धावचीत. द्विशतक हुकले, सामना सतरा धावांनी गेला. जगभर वाद माजला. डी कॉक फलंदाजाला फसवत होता की आपल्या सहकाऱ्याला काही सांगत होता? पंचांनी दंड दिला नाही. आणि फखर स्वतः काय म्हणाला? चूक आपलीच, दुसऱ्या टोकाचा सोबती पोहोचतो की नाही हे पाहण्यात आपण गुंतलो होतो, असे तो म्हणाला.

दुसरे उदाहरण बेसबॉलचे आहे आणि ते समजण्यासाठी त्या खेळाची थोडी ओळख हवी. बेसबॉलमध्ये मैदानाच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. धावणारा गडी एकेका बेसवरून पुढे सरकत घरच्या बेसवर परतला की धाव होते. बेस सोडून मध्ये असताना क्षेत्ररक्षकाने चेंडूसह त्याला स्पर्श केला तर तो बाद. त्यामुळे चेंडू नेमका कोठे आहे, हे कळणे त्याच्या जिवाभावाचे असते. अमेरिकेतील १९९१ च्या वर्ल्ड सीरिजचा सातवा आणि निर्णायक सामना २७ ऑक्टोबरला मिनियापोलिस येथे झाला. आठव्या डावापर्यंत दोन्ही संघांच्या नावावर शून्य होते. अटलांटाचा लॉनी स्मिथ पहिल्या बेसवरून धावत सुटला, त्याच्या सहकाऱ्याने चेंडू दूर मोकळ्या मैदानात टोलावला. स्मिथ सरळ धावत राहता तर घरी पोहोचला असता. पण दुसऱ्या बेसजवळ मिनेसोटाच्या चक नॉब्लॉक आणि ग्रेग गॅग्ने या क्षेत्ररक्षकांनी चेंडू आपल्यापाशीच आल्याचा अभिनय केला. दोघांच्याही हाती काही नव्हते. स्मिथ बेसपाशी घुटमळला आणि तिसऱ्या बेसपर्यंतच पोहोचू शकला. अटलांटाला त्या डावात धाव मिळाली नाही. दहाव्या डावात मिनेसोटाने एकमेव धाव काढून अजिंक्यपद पटकावले. पुढे स्मिथनेही सांगितले, की त्या अभिनयाने आपण फसलो नव्हतो, चेंडू कोठे गेला तेच आपल्याला दिसले नव्हते.

दोन देश, दोन खेळ, आणि दोन्ही ठिकाणी ज्याचे नुकसान झाले तोच म्हणतो, ‘मी फसलो नाही.’ हा अभिमान असेल किंवा सत्यही असेल. परंतु फसवणाऱ्याच्या कृतीचे मोल जर फसणाऱ्याच्या कबुलीवर ठरवायचे, तर कोणतीच फसवणूक कधी सिद्ध व्हायची नाही. दुकानात गिऱ्हाईक हुशार निघाले म्हणून मापात मारलेल्या काट्याचा दोष उणा होतो काय?

येथे भारतीय वाचकाला एक अवघड प्रसंग आठवेल. २ नोव्हेंबर २०२२ रोजी ॲडलेड येथे टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत आणि बांगलादेश समोरासमोर होते. बांगलादेशच्या डावातील सातव्या षटकात अर्शदीप सिंगने दुरून यष्टिरक्षकाकडे फेक केली. चेंडू जवळून जात असताना विराट कोहलीने तो हाती आल्यासारखा दुसऱ्या टोकाकडे फेकण्याचा आविर्भाव केला. पंचांच्या नजरेस ते आले नाही, फलंदाजांनीही त्याकडे लक्ष दिले नाही. पावसामुळे लक्ष्य सोळा षटकांत १५१ धावांचे झाले, बांगलादेश १४५ पर्यंत पोहोचला आणि नेमक्या पाच धावांनी हरला. सामन्यानंतर त्यांच्या नुरुल हसनने या न दिलेल्या पाच धावांची तक्रार बोलून दाखवली.

आपल्याकडे तेव्हा दोन प्रकारची उत्तरे ऐकू आली. फलंदाजांनी पाहिलेच नाही, मग फसवणूक कसली, हे एक. नियम ‘प्रयत्ना’चा असल्याने हे उत्तर टिकत नाही. दुसरे, सगळेच असे करतात. ते तर उत्तरच नव्हे. उलट बाजूने, कोहलीने कपट केलेच असा निवाडा देण्याचा अधिकारही टीव्हीसमोर बसलेल्या कोणाला नाही. चेंडू जवळून गेला की हात आपोआप फिरतो, ही खेळाडूची अंगवळणी पडलेली हालचालही असू शकते. हेतूचा निर्णय पंचांनी करायचा होता आणि तो झाला नाही. अठरा पापस्थानांत तेरावे स्थान ‘अभ्याख्यान’ आहे, म्हणजे दुसऱ्यावर खोटा आळ घेणे. मायेचा तिरस्कार करता करता माणूस तेथे सहज जाऊन पोहोचतो. पाच धावा मिळत्या तर सामना बरोबरीत सुटता, हे गणितही कागदावरचे. सातव्या षटकात दंड झाला असता तर पुढची नऊ षटके तशीच खेळली गेली असती, असे कोण सांगणार?

आता वाचकांपैकी एखादा खेळाडू हरकत घेईल. खेळात फसवणे नाही असा खेळ कोणता? गुगली टाकणारा गोलंदाज लेगब्रेकचा आव आणून चेंडू आत वळवतो. कबड्डीत चढाई करणारा डावीकडे झुकून उजवीकडे हात मारतो. आणि मराठी मातीतल्या खो-खोचा तर प्राणच हुलकावणी आहे. खुंटाजवळ पाठलाग करणाऱ्याला एका बाजूची हूल देऊन दुसऱ्या बाजूने निसटणारा धावपटू पाहावा आणि त्याला कपटी म्हणावे? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्याच दोन कर्णधारांच्या नेतृत्वाखाली भारताच्या पुरुष व महिला संघांनी तो जिंकला. ती अजिंक्यपदे हुलकावणीवाचून मिळाली नसती.

हरकत रास्त आहे आणि तिचे उत्तर खो-खोच्याच नियमांत सापडते. धावणाऱ्याला हूल देण्याची पूर्ण मुभा आहे, पण पाठलाग करणाऱ्यावर केवढी बंधने! एकदा घेतलेली दिशा त्याला मध्येच बदलता येत नाही. बसलेल्या सोबत्याला खो द्यायचा तो पाठीमागून हात लावून आणि ‘खो’ हा शब्द स्पष्ट उच्चारून. पुटपुटलेला खो चालत नाही. पाठलाग कोणाच्या हाती गेला, ही गोष्ट सगळ्या मैदानाला ऐकू गेली पाहिजे, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. कबड्डीतही श्वास टिकून आहे याची ग्वाही चढाई करणाऱ्याला सतत, ऐकू येईल अशा आवाजात द्यावी लागते. म्हणजे पुढे आपण काय करणार हे लपवण्याला खेळ परवानगी देतो, परंतु आत्ता काय झालेले आहे याची खोटी साक्ष देऊ देत नाही.

गुगली या कसोटीवर उतरते. गोलंदाज चेंडू लपवतो, पण जो टाकतो तो खराच चेंडू असतो. तो खरोखर पडतो, खरोखर वळतो आणि फलंदाजाला तो पाहून खेळण्याची संधी असते. झेपावून उठलेल्या मुलाच्या हातात मात्र काहीच नव्हते. त्याने चेंडूविषयी काही लपवले नाही. नसलेला चेंडू त्याने असल्याचे सांगितले. व्यापारी घरांतील मुलांना हा भेद पटकन उमगतो. आपली खरेदीची किंमत गिऱ्हाइकाला न सांगणे वेगळे आणि रिकाम्या डब्यावर तुपाचे लेबल लावणे वेगळे.

बेसबॉलने ही रेष दुसऱ्या जागी आखली आहे. तेथे चेंडू हातमोज्यात दडवून ठेवायचा, तो पिचरकडे परत गेला असे धावणाऱ्याला वाटू द्यायचे आणि त्याने बेसवरून पाऊल काढताच त्याला टिपायचे, ही जुनी युक्ती आजही नियमात बसते. अट एवढीच, की चेंडू जवळ नसताना पिचरने चेंडू टाकण्याच्या फळीवर उभे राहता कामा नये. तसे केले तर धावणाऱ्याला एक बेस बहाल होतो. तिसऱ्या बेसकडे फेकीची हूल देऊन वळून पहिल्या बेसकडे फेकण्याची पिचरची युक्ती अमेरिकेच्या प्रमुख साखळीत २०१३ पासून बंद झाली. मोठ्यांच्या खेळात बेसवरच्या गड्यांनी केलेला अभिनय मात्र, नॉब्लॉकसारखा, आजही चालतो.

त्याच अमेरिकेत माध्यमिक शाळांच्या बेसबॉलचे नियम निराळे आहेत, आणि या साऱ्या विषयात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट बहुधा हीच. तेथे हातात चेंडू नसताना धावणाऱ्याला स्पर्श करण्याचा खोटा आविर्भाव करणे हा अडथळा समजला जातो आणि त्याबद्दल दंड होतो. कारण अगदी व्यवहारी आहे. चेंडू आला असे वाटताच धावणारा मुलगा भरवेगात जमिनीवर घसरत बेस गाठू पाहतो. ती घसरण ऐन वेळी, बिनतयारीने, गरज नसताना झाली तर घोटा मुरगळतो, गुडघा फुटतो. मोठ्यांना जे खपवून घेतले ते मुलांना नाकारले, कारण तेथे खोट्या हाताची किंमत दुसऱ्याचे हाड मोजते. महाराष्ट्रातील शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळले जातात. मुलांना ते शिकवणाऱ्यांनी हे कारण तरी सांगून ठेवावे. असत्य आणि हिंसा यांचे नाते पाठशाळेत सांगितले जाते तेव्हा ते मुलांना बरेचदा पुस्तकी वाटते. येथे ते घोट्यात दुखते.

पाठशाळेचा उल्लेख आलाच आहे, तर श्वेतांबर परंपरेतील ज्ञाताधर्मकथेतील मल्ली भगवतींच्या पूर्वभवाची कथाही येथे आठवण्याजोगी आहे. महाबल राजा आणि त्याचे सहा मित्र यांनी एकत्र दीक्षा घेतली आणि आपापसांत ठरवले, की तप करायचे ते सर्वांनी सारखेच. महाबल मात्र काही ना काही निमित्त सांगून पारणे टाळी आणि गुपचूप अधिक उपवास करी. त्याने कोणाचे धन लुबाडले नाही, कोणाला दुखवले नाही, केले ते तपच. तरी मित्रांशी ठरलेला नियम त्याने कपटाने मोडला होता. त्या तपातून तीर्थंकर नामकर्माचा बंध झाला, पण त्या मायेचे फळही चुकले नाही, असे कथा सांगते. ‘चांगल्यासाठीच केले’, ‘संघासाठी केले’, ‘एकच धाव वाचवली’ असे म्हणणाऱ्यांनी ही कथा पुन्हा एकदा वाचावी. सगळ्यांनी मिळून मान्य केलेली गोष्ट एकाने आतून मोडणे, यालाच तिने माया म्हटले आहे.

आणि मग बांधावरची ती टाळी उरते. कृत, कारित आणि अनुमोदित, असे कर्माचे तीन दरवाजे. मुलाने केले ते कृत. संघनायकाने ‘हूल दे रे’ म्हणून ओरडून करवले असेल तर ते कारित. क्रिकेटचे पंच दंड देताना क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराला बोलावून कारण सांगतात आणि पुढे वरिष्ठ मंडळाकडे अहवाल पाठवतात. करवणाऱ्याची दखल तेथे घेतली जाते. टाळी देणाऱ्याची दखल घेणारा नियम मात्र कोणत्याच खेळात नाही. ते काम घराचे. बारा वर्षांच्या मुलाला नियम कळायला अवकाश असतो, पण वडिलांचा चेहरा कशाने खुलतो हे त्याला फार लवकर कळते. रविवारी सकाळी पाठशाळेत सोडणारे आणि संध्याकाळी त्या फेकीवर खूश होणारे वडील एकच असतील, तर मुलगा दोहोंपैकी कोणता धडा खरा मानील?

जेवणाच्या ताटावर विचारलेल्या त्या प्रश्नाला म्हणून सरळ उत्तर द्यावे. होय, तू खोटे बोललास, हाताने. पाप लागले की नाही याची भीती घालण्याचे काही कारण नाही. त्याने विचारले, यातच आर्जवाचा अंकुर आहे. ज्याला बोचले नाही तो विचारत नाही. मायेला शल्य, म्हणजे आत रुतलेला काटा, म्हटले आहे. काटा रुतल्याचे कळले की काढणे सोपे जाते.

पुढे काय करायचे, हेही त्याचे त्यानेच ठरवावे. दुसऱ्या दिवशी मैदानावर जाऊन कबुली देण्याचा आग्रह मोठ्यांनी धरू नये, तो पुन्हा देखावाच होईल. मात्र एक वाट सुचवता येईल. खाचरातल्या खेळाचे नियम मुलेच करतात. झाडापलीकडे चौकार हा त्यांचा, कुंपणात बाद हाही त्यांचाच. त्यांत आणखी एक घालता येतो. चेंडू हातात नसताना फेकीचा अभिनय केला, तर पळणाऱ्याची अर्धवट धाव पूर्ण धरायची आणि वर दंड. पंच फलंदाजी करणाऱ्या संघाचाच असल्याने वाद होणारच. ‘मी हात झटकत होतो’, ‘डास बसला होता’, असेही ऐकू येईल. शेवटी हात का फिरला, हे ज्याचा तोच जाणतो आणि ते सांगण्याची पाळी प्रत्येकावर कधी ना कधी येईल. दंड किती असावा, यावर मुले भांडतील. सहा षटकांच्या सामन्यात पाच धावा फार होतात. दोन पुरतील.